महामंडळांचे हिशेब वेळेत सभागृहापुढे येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यात वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. साखर कारखाने, दूध संघ, बँका, गावोगावच्या सेवा सोसायट्या. अहवालाची पुस्तिका सभासदाच्या हाती येते, ताळेबंदातली एखादी रक्कम धरून प्रश्न विचारले जातात, ‘मंजूर, नामंजूर’च्या घोषणा होतात. या गोंधळाबद्दल बरेच वाईट बोलले जाते, पण त्या निमित्ताने गेल्या वर्षाचा हिशेब ३० सप्टेंबरपर्यंत लोकांसमोर येतो. ज्या कंपन्यांची मालकी राज्य सरकारकडे, म्हणजे शेवटी आपल्या सगळ्यांकडे आहे, त्यांची वार्षिक सभा कधी झाली याचा मात्र कोणाला पत्ता नसतो.

या कंपन्यांचे भाग राज्यपालांच्या नावे असतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११२ नुसार राज्यपालांचा प्रतिनिधी म्हणून एखादा अधिकारी सभेला बसतो. सदस्यसंख्या पुरी करण्यासाठी काही मोजके भाग खात्यातल्याच अधिकाऱ्यांच्या नावे ठेवलेले असतात. हिशेब तयार नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेचा कागद फाइलला लागला की पुढे कोणी विचारत नाही. खऱ्या भागधारकांची, म्हणजे जनतेची सभा विधिमंडळात भरते. म्हणूनच कलम ३९५ राज्य सरकारला सांगते की कंपनीच्या कारभाराचा वार्षिक अहवाल सर्वसाधारण सभेपासून तीन महिन्यांत तयार करा आणि लेखापरीक्षण अहवाल व ‘कॅग’चे (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) अभिप्राय जोडून तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवा.

आम्ही कोल्हापुरातील काही सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले लोक आहोत. आमची मागणी एकच आहे. ज्या सरकारी कंपनीचे हिशेब थकले आहेत तिला ते पूर्ण होईपर्यंत नवे भागभांडवल आणि नवी थकहमी (म्हणजे कंपनीच्या कर्जाला सरकारची हमी) देऊ नये, आणि कोणाचे हिशेब कुठवर आले आहेत हे सरकारने दर तिमाहीला जाहीर करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. वित्त विभागाचा एक शासन निर्णय पुरतो.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे कारखाना, दूध संघ, महामंडळ, महावितरण, एसटी या सगळ्यांना एकाच मापाने मोजले जाते. ज्या कंपनीत केंद्राचे, राज्याचे किंवा दोघांचे मिळून किमान ५१ टक्के भरणा झालेले भागभांडवल आहे ती सरकारी कंपनी, आणि तिची उपकंपनीही सरकारीच. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, रस्ते विकास महामंडळ, महाबीज, मागासवर्गीयांसाठीची बहुतेक विकास महामंडळे या वर्गात मोडतात. एसटी आणि एमआयडीसी ही स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झालेली महामंडळे आहेत आणि त्यांचे लेखापरीक्षण फक्त कॅग करते. सहकारी संस्था सभासदांच्या मालकीच्या असतात. सरकारचे भरीव नियंत्रण वा अर्थसाह्य सिद्ध झाल्याशिवाय त्यांना माहिती अधिकार थेट लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या निकालात स्पष्ट केले. सरकारी कंपनीला तो सरळ लागू होतो. म्हणजे जिथे आपला हक्क अधिक आहे तिथेच आपण कमी विचारतो.

आता वेळापत्रक पाहा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांत कॅगने त्या वर्षाचा वैधानिक लेखापरीक्षक नेमायचा असतो. म्हणजे वर्ष संपण्याच्या सहा महिने आधीच लेखापरीक्षक ठरलेला असतो. ३१ मार्चला वर्ष संपते. संचालक मंडळाने हिशेब मंजूर केले, लेखापरीक्षकाने अहवाल दिला, की तो कॅगकडे जातो आणि पूरक लेखापरीक्षणासाठी कॅगला ६० दिवस मिळतात. कॅगचा अभिप्राय सभेपुढे ठेवावा लागतो, सभेच्या नोटिशीला पूर्ण २१ दिवस लागतात आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. उलटे मोजत आलो तर १० जुलैच्या सुमारास लेखापरीक्षकाचा अहवाल कॅगच्या हाती पडायला हवा. सगळे वेळेवर झाले तर डिसेंबरअखेर वार्षिक अहवाल तयार होतो आणि मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारांपुढे येऊ शकतो. त्याच अधिवेशनात या कंपन्यांसाठी पुढच्या वर्षाचा पैसा मंजूर होत असतो. मागचा हिशेब न पाहता पुढचा पैसा मंजूर करणे कोल्हापूरच्या एखाद्या सेवा सोसायटीतही कोणी खपवून घेणार नाही.

कायद्यातली फट कलम ३९५ मध्येच आहे. अहवाल तयार करायला तीन महिन्यांची मुदत आहे, पण पटलावर ठेवण्यासाठी फक्त ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच म्हटले आहे. शिवाय मोजणी सर्वसाधारण सभेपासून होते. सभाच झाली नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. सभा न घेतल्याबद्दल कलम ९९ खाली एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज पाच हजारांपर्यंत दंड आहे. आर्थिक पत्रके नीट तयार करून सभेपुढे न मांडल्याबद्दल कलम १२९ खाली वर्षभरापर्यंत कैदही आहे. पण सरकारी कंपनीतला संबंधित संचालक दोन वर्षांत बदलून गेलेला असतो आणि दंड भरलाच तर तो फिरून सरकारच्याच पैशातून जातो.

यापेक्षा धारदार तरतूद कलम १६४(२) ची आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सलग तीन वर्षे आर्थिक पत्रके किंवा वार्षिक विवरणपत्रे भरली नाहीत तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षे अपात्र ठरतात. केंद्राने ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने सरकारी कंपन्यांना यातून सूट दिली होती. १३ जून २०१७ ला त्यात अट घातली गेली. ही सवलत ज्या कंपनीने आर्थिक पत्रके आणि वार्षिक विवरणपत्र भरण्यात कसूर केलेली नाही तिलाच मिळेल. म्हणजे हिशेब थकवणाऱ्या महामंडळाला या सवलतीच्या आड लपता येत नाही. महामंडळाच्या अध्यक्षपदासाठी रस्सीखेच करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील सर्वपक्षीय नेत्यांनी पद घेण्याआधी ही अधिसूचना एकदा जरूर वाचावी.

हिशेब थकतात कसे, हे मागासवर्गीय विकास महामंडळांच्या कर्ज योजनेच्या उदाहरणाने नीट कळते. बीज भांडवल योजनेत प्रकल्पाच्या खर्चापैकी ७५ टक्के बँक देते, २० टक्के महामंडळ आणि ५ टक्के लाभार्थी घालतो. महामंडळाच्या २० टक्क्यांत थोडे अनुदान आणि उरलेले ४ टक्के व्याजाचे कर्ज. म्हणजे एकाच माणसाचे खाते तीन ठिकाणी: बँकेत, महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयात. लाभार्थी हप्ता भरतो. वसुली बँकेमार्फत आली तर ती अनेक खात्यांची एकत्र येते, सोबतच्या यादीत कर्ज खाते क्रमांक नसतो, नाव अर्धवट असते. जिल्हा कार्यालयातला लिपिक, जो बहुधा एकटाच असतो आणि अर्ज, मुलाखती, वसुली सगळेच पाहतो, ती रक्कम उचंत खात्यात (कोणाची ते न कळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) टाकून मोकळा होतो. ती तिथेच पडून राहते. वर्षअखेरीस जिल्ह्याची कर्ज खतावणी एक आकडा दाखवते आणि मुख्य कार्यालयाचे नियंत्रण खाते दुसरा. असे ३६ जिल्हे.

याचे दोन परिणाम होतात. ज्याने हप्ते भरले त्याच्या खात्यावर थकबाकी दिसत राहते, त्याला नोटीस जाते आणि पुढच्या कर्जाला तो अपात्र ठरतो. दुसरीकडे लेखापरीक्षक विचारतो की येणे कर्जाची खातेनिहाय यादी द्या आणि ती ताळेबंदाशी जुळवून दाखवा. यादी जुळत नाही, म्हणून हिशेब मंडळापुढे जात नाहीत. एक वर्ष अडकले की पुढची सगळी अडकतात, कारण मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक हीच पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक असते आणि वर्ष ओलांडून लेखापरीक्षण करता येत नाही. तोवर व्यवस्थापकीय संचालक बदलतो, नवा येतो तो अतिरिक्त कार्यभार घेऊन. पाच-सहा वर्षांनी जुन्या पावत्या मागितल्या तर कार्यालय हलवताना गहाळ झाल्या असे उत्तर मिळते.

इथे आमच्या व्यवसायाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ‘सगळे जुळल्यावरच हिशेब देऊ’ हा हट्ट बऱ्याचदा लेखा विभागाचा असतो, आणि सल्लागार त्याला मान डोलावतात. हे चूक आहे. जुळत नसलेली रक्कम ताळेबंदात वेगळी दाखवावी, टिपेत तिचे कारण लिहावे आणि लेखापरीक्षकाला सापेक्ष मत (ठराविक त्रुटी वगळता हिशेब ठीक असल्याचे मत) देऊ द्यावे. वेळेवर आलेला, त्रुटी उघड सांगणारा अहवाल सभागृहाला उपयोगी पडतो. दहा वर्षांनी आलेल्या निर्दोष अहवालावर कोणाकडूनही वसुली होत नाही, कारण जबाबदार माणूस तोवर सेवानिवृत्त झालेला असतो.

दुसरी गोष्ट नफ्याची. हिशेब वेळेवर असलेल्या महामंडळांतही ‘नफ्यात’ हा शब्द जपून वाचावा. समजा, एका महामंडळाला १० कोटी मिळाले. वाटप झाले ३ कोटींचे, उरलेले ७ कोटी बँकेत ठेव. ७ टक्के दराने व्याज आले ४९ लाख. आस्थापना खर्च ४० लाख. महामंडळ ९ लाख नफ्यात. हा नफा काम न केल्याचा आहे. जास्त वाटप केले असते तर ठेव घटली असती आणि महामंडळ ‘तोट्यात’ गेले असते. शिवाय मूळ पैसा योजनेचे अनुदान असेल तर त्यावरचे व्याज महामंडळाचे की सरकारला परत करायचे, हे मंजुरीच्या शासन निर्णयातील अटींवर ठरते. परत करायचे असताना ते उत्पन्नात धरले तर नफाही खोटा आणि देणेही लपलेले. म्हणून नफ्याच्या आकड्याआधी अखर्चित अनुदानाची टीप आणि मुदत ठेवींची रक्कम शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

कॅगने या बाबतीत लेखापरीक्षकांना मोकळे सोडलेले नाही. कलम १४३(५) खाली ते लेखापरीक्षकाला ठराविक प्रश्नांची उत्तरे द्यायला लावते: सर्व व्यवहार संगणक प्रणालीतूनच नोंदले जातात का, कंपनीला फेडता आले नाही म्हणून कोणा धनकोने कर्जाची पुनर्रचना केली किंवा कर्ज, व्याज माफ केले का, केंद्र वा राज्याकडून विशिष्ट योजनेसाठी आलेला निधी अटींप्रमाणे हिशेबात घेतला आणि वापरला का. उत्तरे लेखापरीक्षण अहवालाच्या परिशिष्टात असतात. वार्षिक अहवालातले अध्यक्षांचे मनोगत आणि लाभार्थी मेळाव्यांचे फोटो ओलांडून थेट या परिशिष्टाकडे जावे. एका पानात बरेच कळते.

वीज कंपन्यांची गोष्ट वेगळी. महावितरणचे ताळेबंद आणि वीज नियामक आयोगापुढच्या दराच्या याचिका संकेतस्थळावर मिळतात. तिथली अडचण हजारो पानांतून नेमका आकडा वेगळा काढण्याची आहे, आणि तो आकडा अनुदानाचा. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. त्यासाठी सरकारने महावितरणला वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये द्यायचे ठरले. नदीकाठच्या पंपांवर ऊस जगवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्याचा लाभ आहे आणि शेतकऱ्याला ही मदत देण्याला आमचा विरोध नाही. पण विद्युत कायदा, २००३ चे कलम ६५ सांगते की अशी सवलत द्यायची तर सरकारने ती रक्कम आगाऊ भरली पाहिजे. भरली नाही तर सवलतीचा आदेशच लागू राहत नाही.

रक्कम उशिरा आली तर काय होते? महावितरण खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढते, वीज निर्मिती कंपन्यांची बिले थकतात, त्यावर विलंब आकार लागतो. हा खर्च शेवटी वीजदरात येण्याचा धोका असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्रीत विजेचे बिल हा कच्च्या मालाच्या खालोखालचा मोठा खर्च आहे. इंडक्शन फर्नेस चालवणारा उद्योजक दरवाढीविरुद्ध मोर्चा काढतो तेव्हा त्याने अनुदान कोणत्या तारखेला किती जमा झाले हेही विचारायला हवे. केंद्राच्या २०२३ च्या वीज नियमांनुसार वितरण कंपनीने तिमाही संपल्यावर ३० दिवसांत अनुदानाचा हिशेब आयोगाला द्यायचा असतो आणि आयोगाने तो तपासून पुढच्या ३० दिवसांत प्रसिद्ध करायचा असतो. देय किती, आले किती, कधी आले. उद्योजकांच्या संघटनांनी दर तिमाहीला एवढा एक कागद मिळवला तरी दरवाढीच्या सुनावणीत त्यांचे म्हणणे अधिक वजनदार ठरेल. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो, हेही लक्षात ठेवावे. तो अंदाज जितका फुगेल तितकी गळती कमी दिसते आणि अनुदानाची मागणी वाढते.

एसटीबद्दल थोडक्यात. जून २०२५ मध्ये सरकारने एसटीच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका काढली आणि संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर असल्याचे सांगितले. श्वेतपत्रिका काढली हे चांगलेच झाले. पण विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि महिलांच्या प्रवास सवलतीपोटी सरकारकडून येणे किती आणि मिळाले किती, हे दरवर्षीच्या लेख्यातून कळायला हवे. त्यासाठी एखाद्या मंत्र्याच्या इच्छेची वाट पाहावी लागू नये.

कोल्हापूरशी जवळचा संबंध असलेले आणखी एक महामंडळ म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाची नोंद या महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाच्या नावे आहे. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यावर देशभर चर्चा झाली. सुभाषनगरच्या कारागिराच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचा आहे. मानांकनाच्या बळावर जो पैसा येईल, मग तो करारातून असो वा प्रशिक्षणाच्या नावाने, तो महामंडळाच्या कोणत्या लेखाशीर्षात जमा होईल? कारागिरांपर्यंत किती पोचला हे कोणत्या टिपेत दिसेल? मानांकनाशी संबंधित जमा-खर्चाची वेगळी टीप वार्षिक लेख्यात देणे सोपे आहे. आम्ही ती आजच मागतो आहोत, कारण पैसा एकदा सर्वसाधारण उत्पन्नात मिसळला की नंतर वेगळा काढता येत नाही.

आणि कोल्हापूर शहरातील रस्त्यांवर लागलेला टोल. सुमारे २२० कोटींचा रस्ते प्रकल्प, ३० वर्षांची टोलवसुली, महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि खासगी ठेकेदार यांच्यातला करार. त्यातली कलमे कोल्हापूरकरांना कळली ती रस्त्यावर उतरल्यावर. रस्ते विकास महामंडळ ही सरकारी कंपनी आहे. ज्या कराराने लोकांवर तीन दशकांचा भार पडतो तो सही झाल्यापासून महिन्याभरात पूर्ण स्वरूपात संकेतस्थळावर टाकणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ च्या हेतूला धरूनच होईल. ‘व्यापारी गुपित’ हे कारण निविदा उघडेपर्यंत समजू शकते, सही झाल्यावर नाही.

आता सामान्य वाचकाला काय करता येईल. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीची मूलभूत माहिती मोफत दिसते. राज्य सरकारी कंपनीचा २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांक ओळखायला सोपा आहे. मध्ये ‘एमएच’, मग नोंदणीचे वर्ष आणि त्यापुढे ‘एसजीसी’. त्या पानावर दोन तारखा पाहा, शेवटची सर्वसाधारण सभा आणि शेवटचा ताळेबंद. ताळेबंदाची तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर प्रश्न विचारायला एवढे पुरेसे आहे. १०० रुपये भरले की त्या कंपनीचे दाखल केलेले कागद ठराविक वेळेसाठी उघडतात. त्यातला एओसी-४ हा फॉर्म शोधा. ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि कॅगचे अभिप्राय त्यालाच जोडलेले असतात.

तिथे नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, प्रतींना पानाला २ रुपये. अर्ज महामंडळाच्या मुख्य कार्यालयाकडे करावा, जिल्हा कार्यालयाकडे केला तर तो हस्तांतरणातच फिरतो. भ्रष्टाचार, अनियमितता असे शब्द अर्जात घालू नयेत, कागद मागावा. मागायचे ते असे: शेवटच्या मंजूर लेख्यांचे वर्ष, ते सर्वसाधारण सभेने स्वीकारल्याची तारीख, विधिमंडळाच्या पटलावर ठेवल्याची तारीख, त्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल कॅगच्या अभिप्रायांसह, थकलेल्या वर्षांबाबत संचालक मंडळाने केलेले ठराव. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरे.

सरकारच्या बाजूचा आकडाही ताडून पाहावा. राज्याच्या वित्तीय लेख्यांच्या दुसऱ्या खंडात विवरणपत्र १८ मध्ये सरकारने दिलेली कर्जे, १९ मध्ये गुंतवणूक आणि २० मध्ये थकहमी कंपनीनिहाय दिलेली असते. सरकार म्हणते अमुक भागभांडवल दिले, कंपनीचा ताळेबंद वेगळेच सांगतो. ही तफावत कॅग अनेक राज्यांच्या अहवालांत दाखवत आले आहे. फरकाची कारणे बहुधा साधी असतात, पैसा मार्चअखेर खात्यातून निघाला आणि भाग वाटपाचा ठराव झालाच नाही, किंवा अनुदान कंपनीने भागभांडवल म्हणून नोंदले. पण तफावत शोधायला बसावे लागते, आणि हिशेब थकलेल्या कंपनीत बसणार कशावर?

थकहमीचा प्रश्न तर आता राज्याच्या तिजोरीलाच भिडला आहे. महामंडळाने काढलेल्या ज्या कर्जाची मुद्दल वा व्याज राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडले जाते, ते कर्ज राज्याचेच धरायचे आणि राज्याच्या कर्जमर्यादेतून वजा करायचे, असे केंद्राने २०२२ मध्ये ठरवले. म्हणजे ज्या कंपनीचा ताळेबंद कोणी पाहिलेला नाही तिच्या कर्जामुळे रस्ते, दवाखाने, पाटबंधाऱ्यांसाठी राज्याला मिळू शकणारे कर्ज कमी होऊ शकते.

आमच्या मागणीवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पैसा थांबवला तर लाभार्थी भरडला जाईल. म्हणून योजनेचे अनुदान थांबवू नये असे आम्ही म्हणतो. थांबवायचे ते भागभांडवल आणि नवी थकहमी. अनुदान हप्त्याने द्यावे आणि प्रत्येक हप्ता थकलेल्या एका वर्षाचे हिशेब मंडळाने मंजूर केल्याशी जोडावा. थकलेल्या वर्षांसाठी शक्य तिथे एकाच फर्मची नेमणूक करण्याची विनंती कॅगला करावी, म्हणजे दरवर्षी नव्याने कागद दाखवत बसावे लागणार नाही. उचंत खात्यातल्या नोंदी जिल्हावार छापून बँकांकडे पाठवाव्यात आणि तीन महिन्यांत ओळख पटली नाही त्या वेगळ्या टिपेत दाखवाव्यात. महामंडळात किमान एक सनदी लेखापाल पूर्णवेळ असावा आणि हिशेब पूर्ण होईपर्यंत त्याची आणि व्यवस्थापकीय संचालकाची बदली होऊ नये. बंद पडलेल्या पण नावापुरत्या उरलेल्या कंपन्यांचा निकाल वेगळा लावावा, कारण त्यांच्या नावावर बऱ्याचदा मोक्याची जमीन असते आणि हिशेब नसल्याने ती कोणाच्या ताब्यात आहे हे कळत नाही.

केंद्र सरकार आपल्या उपक्रमांची सार्वजनिक उपक्रम पाहणी दरवर्षी संसदेत मांडते. केरळचा सार्वजनिक उपक्रम विभाग राज्याच्या सगळ्या कंपन्यांचा आढावा पुस्तकरूपाने काढतो. त्यात कोणाचे हिशेब कोणत्या वर्षापर्यंत झाले हेही वाचता येते. महाराष्ट्राला असा तक्ता काढणे कठीण नाही. वित्त विभाग आणि महालेखापाल कार्यालयाकडे माहिती आहेच.

विधिमंडळात सार्वजनिक उपक्रम समिती आहे. कॅगचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात आणि चर्चेला वेळच उरत नाही, म्हणून या समितीचे काम अधिक महत्त्वाचे ठरते. जिल्ह्यातील दहाही आमदारांना आमची विनंती आहे की येत्या अधिवेशनात पुढील तारांकित प्रश्न द्यावा: राज्य सरकारच्या प्रत्येक कंपनीचे लेखे कोणत्या वर्षापर्यंत लेखापरीक्षित होऊन पटलावर ठेवले गेले आहेत, थकलेल्या प्रत्येक वर्षात त्या कंपनीला किती भागभांडवल, कर्ज, अनुदान व थकहमी दिली गेली, आणि कलम १६४(२) खाली अपात्र ठरू शकणारे संचालक कोणत्या कंपन्यांत आहेत. प्रश्नाला मिळालेले उत्तर आपल्या दैनिकाने कंपनीनिहाय तक्त्यासह छापावे, आणि पुढे दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोच तक्ता नव्या तारखांसह पुन्हा छापावा.

आपले,
कोल्हापुरातील काही सनदी लेखापाल, कंपनी सचिव व निवृत्त लेखापरीक्षक